उपडा ग्लास आणि विनिपेगचा हॅरोल्ड

वेराक्रूझ,
मंगळवार, १० फेब्रुवारी

प्रिय लॉर्नाताई,

आधी ताजी बातमी, मग नमस्कार. वर्तमानपत्रातली एकतीस वर्षांची सवय आता कुठे जायची? तर ड्युएनच्या खुर्चीसमोरचा ग्लास आज सकाळी साडेदहापर्यंत उपडाच होता. ‘कॅफे पेलिकानो’मधले किटलीवाले डॉन नाबोर यांनी या वृत्ताला दुजोरा दिला आहे. त्यांनी तो माझ्यादेखत उचलला, पुसला आणि पुन्हा उपडा ठेवला. यातलं तुला अवाक्षर कळलं नसणार. ते कळावं म्हणूनच हे पत्र लिहितो आहे, आणि लांबलं तर रागावू नकोस, इथे माझं पत्र कापायला कुणी बसलेलं नाही.

आता रीतसर नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरतेस की अजून जगाला दाखवत फिरतेस? तळघरातल्या बॉयलरने पुन्हा कण्हायला सुरुवात केली असेल तर त्याला डाव्या बाजूने एक लाथ घाल, उजव्या बाजूने नको. चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला माझ्या जागी कोण उभं राहतं? (कोणीही राहो, पण कोबीची कोशिंबीर वाढायला ग्रुंडमनला ठेवू नका, तो चिमटीने वाढतो.) माझी प्रकृती उत्तम आहे. पोट सोडून. त्याचं कारण पुढे येईल. फोन का केला नाही, असं तू म्हणशील. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला तोडतेस, ताई, आणि मला जे सांगायचं आहे ते दुसऱ्या वाक्यात मावणारं नाही.

तुला आठवतंच, मी निघालो तो आठ दिवसांसाठी. जायचं, ड्युएन गेल्यावर मागे राहिलेलं त्याचं खोकं घरमालकिणीकडून ताब्यात घ्यायचं, सही करायची, परत यायचं. खोक्यात काय असणार हेही आपण दोघांनी स्वयंपाकघरात बसून ठरवून टाकलं होतं: ब्रश, चपला आणि न धुतलेलं काहीतरी. मी पोचलो १९ जानेवारीला. घरमालकीण घरी नव्हती, बहिणीकडे गेली होती, गुरुवारी येणार असं शेजारणीने खिडकीतून सांगितलं आणि खिडकी लावून घेतली, कारण नेमका त्याच वेळी ‘नॉर्ते’ सुटला. नॉर्ते म्हणजे इथला हिवाळ्यातला उत्तरेचा वारा. आपल्याकडे वाऱ्याबरोबर बर्फ येतो, इथे अख्खी चौपाटी येते. माझ्या डोळ्यांत, कानांत आणि ज्या खिशात पासपोर्ट होता त्या खिशात वाळू गेली. गल्लीच्या कोपऱ्यावर पहिलं जे दार दिसलं ते ढकलून मी आत घुसलो. परदेशात जाऊन मी लावलेला एकमेव शोध तो हाच, आणि तो मी डोळे मिटून लावला.

डोळे उघडले तेव्हा समोर लाकडी पेलिकन पक्षी होता, माणसाच्या उंचीचा, गळ्यात टाय बांधलेला. भिंती दिसत नव्हत्या, कारण त्यांच्यावर चित्रंच चित्रं होती, खेटून, तिरकी, एक तर चक्क पंख्याच्या मागे. दोन खुर्च्या एकसारख्या नव्हत्या. पायजमा घातलेला एक गृहस्थ व्हायोलिनवर एकाच ओळीची घासाघीस करत होता आणि कुणी त्याला थांबवत नव्हतं. एक बाई टेबलावर बूट ठेवून त्याचं चित्र काढत होती आणि बुटाचा मालक एका पायावर उभा राहून शेजारच्या टेबलावर राजकारण बोलत होता. आपल्या आईच्या भाषेत सांगायचं तर एकालाही सकाळी उठून कुठे जायचं नव्हतं. सगळीकडून चमच्यांचा किणकिणाट येत होता, म्हटलं, एवढ्या लोकांनी साखर ढवळायला घेतली असेल एकदम. जागा एकच रिकामी होती, खांबाजवळच्या गोल टेबलाशी. तिथे दोन माणसं बसली होती, तिसऱ्या खुर्चीसमोर एक जाड काचेचा ग्लास उपडा ठेवलेला होता.

आता तूच सांग, माझी काय चूक? आपल्याकडे महामार्गावरच्या कुठल्याही खानावळीत बशीवर कप उपडा ठेवलेला असतो. कॉफी हवी तर तो सुलटा करायचा, नको तर राहू द्यायचा. बाई येते, न विचारता ओतते, पुढे जाते. सत्तर वर्षं मी कप सुलटे करत आलो आहे. मी खुर्चीत बसलो, डोळ्यांतली वाळू पुसली आणि ग्लास सुलटा केला.

व्हायोलिन थांबलं. एका पायावरचा माणूस दोन्ही पायांवर आला. टेबलावरचे ते दोघं माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं आपण टोपी काढायला विसरलो, म्हणून मी टोपी काढली, त्याने ते आणखीच बघायला लागले. त्यांतला एक म्हणजे डॉन फिदेन्सिओ. वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षं या बंदरात येणारी जहाजं धक्क्याला लावून द्यायचं काम केलं, आता कविता करतो आणि त्या ऐकवतो. (पहिलं मी समजू शकतो.) दुसरी ओफेलिया, नाटकांचे पडदे रंगवणारी, साठीची, हाताला कोपरापर्यंत निळा रंग. फिदेन्सिओने अगदी हळू आवाजात विचारलं, “तुम्ही ड्युएनचे भाऊ का?”

ताई, मी ‘नाही’ म्हणालो.

का म्हणालो ते मला आज तीन आठवड्यांनीही धड सांगता येत नाही. मला एवढंच कळलं की हीच ती जागा. दर जानेवारीला तो लिहायचा ना, ‘आमच्या कॅफेत ये, कॉफी फार छान असते, तुझ्यासाठी जागा धरतो.’ बावीस वर्षांत बावीस पत्रं. नावही त्याने बावीस वेळा लिहिलं असणार. मी पत्र वाचायचो, चुकलेले स्वल्पविराम मनातल्या मनात दुरुस्त करायचो आणि ठेवून द्यायचो. आणि आता समोर एक म्हातारा मला विचारत होता की तू तो भाऊ का, आणि पुढचा प्रश्न काय असणार ते मला दिसत होतं. हातात टोपी होती. टोपीवर विनिपेगच्या कुठल्याशा बियाण्यांच्या कंपनीचं नाव होतं (जत्रेत फुगे फोडून मिळाली होती, तुझ्यासमोरच). मी म्हणालो, “मी कॅनडाचा. विनिपेग. हॅरोल्ड.” फिदेन्सिओने मान हलवली, ग्लास दोन बोटांनी उचलला आणि पुन्हा उपडा घातला. माझ्यासाठी दुसरा ग्लास आणि दुसरी खुर्ची आली. व्हायोलिन पुन्हा त्याच ओळीवर गेलं.

माझं स्पॅनिश तुला माहीतच आहे, वाटाण्याच्या डबाबंद कारखान्यात तीन उन्हाळे मेक्सिकोच्या माणसांबरोबर काम करून जे आलं ते. वाटाणे, पट्टा, कामाच्या पाळ्या आणि फोरमनच्या आईविषयी मी अस्खलित बोलू शकतो. बाकीचं हळूहळू कळतं. त्यामुळे ग्लासची गोष्ट मला दुसऱ्या दिवशी नाबोरनी सांगितली तेव्हा दोनदा सांगावी लागली. त्या टेबलाचा रिवाज असा: बसणाऱ्यांपैकी कुणी गेला की त्याची खुर्ची तिथेच राहते आणि त्याचा ग्लास उपडा होतो. मग त्याच्या घरचं कुणीतरी येतं, ग्लास सुलटा करतं आणि गेलेल्या माणसाबद्दल एक खरी गोष्ट सांगतं. एकच, पण खरी. नाबोर कॉफी ओततात, दूध ओततात, तो ग्लास टेबलभर फिरतो आणि खुर्ची मोकळी होते. सहा महिन्यांत कुणीच आलं नाही तर ग्लास तसाच कोरडा वरच्या फळीवर जातो. म्हणजे या माणसाचं कुणी नव्हतं. फळीवर असे चार ग्लास आहेत. नाबोर ते रोज पुसतात. ड्युएनचे सहा महिने १४ मार्चला भरतात.

यानंतर कुठल्याही सरळ माणसाने काय केलं असतं? उठून खरं सांगितलं असतं. मीही तेच ठरवलं. पण तोवर गुरुवार आला होता, घरमालकिणीने खोकं दिलं होतं (चपला नव्हत्या, ब्रश होते, धुतलेले) आणि खोक्याच्या तळाशी दोरीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा होता. माझी पत्रं. त्याच्या बावीस पत्रांना माझी बावीस उत्तरं. मी ती हॉटेलात बसून ओळीने वाचली. ताई, त्यांत हवामान आहे. फक्त हवामान. ‘प्रिय ड्युएन, तुझं पत्र मिळालं. इथे काल रात्रीपासून बर्फ पडतो आहे.’ मग किती इंच, वारा कुठून, तळं कुठवर गोठलं, आणि ‘लॉर्ना बरी आहे’. एका वर्षी तुझं बरं असणंही राहून गेलं आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आणि खरी शिक्षा पुढेच होती. ती पत्रं त्या टेबलावर सगळ्यांना तोंडपाठ होती! दर फेब्रुवारीत माझं उत्तर आलं की ड्युएन ते उभा राहून वाचायचा, आणि हे लोक, ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नाही, कानात प्राण आणून ऐकायचे. फिदेन्सिओचा तर मी म्हणजे जीव की प्राण. “अहो विनिपेग,” (माझं तेच नाव पडलं) “त्या ऑर्विलसारखा माणूस नाही. वाऱ्याची दिशा लिहिल्याशिवाय सही करत नाही. माझ्या खात्यात असता तर मी त्याच्या हाती बंदर सोडून घरी झोपलो असतो. एकच खोट. येतो की नाही तेवढं लिहीत नाही.” ओफेलिया रंगाचे हात पुसत म्हणायची, “हवामान बरं नसेल, म्हणून येत नसेल.” आणि दोघं हसायचे. मीही हसायचो. विनिपेगच्या हॅरोल्डला हसणं भाग होतं.

मग मी कबुली द्यायचा पहिला प्रयत्न केला. आपल्याकडे चारचौघांत काही बोलायचं असलं की आपण उभं राहतो आणि चमचा ग्लासवर वाजवतो. तुझ्या लग्नात वाजवला, माझ्या निवृत्तीला वाजवला, वडील गेल्यावर चर्चच्या हॉलमध्ये वाजवला. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि चमचा वाजवला. त्याच क्षणी नाबोर किटली घेऊन आले, हात डोक्याच्या वर नेला आणि दोन फूट उंचीवरून एक थेंबही न सांडता माझ्या ग्लासात कढत दूध ओतून निघून गेले. इथे चमचा दुधासाठी वाजवतात. आधी तळाशी कडक कॉफी येते, मग तुम्ही चमचा वाजवता आणि दूध येतं. तो सगळा किणकिणाट साखरेचा नव्हताच. आता सत्तर वर्षांच्या नाबोरनी ओतलेलं दूध समोर वाफा टाकत असताना ‘मी खोटारडा आहे’ असं कसं म्हणणार? मी बसलो आणि प्यालो. अमेरिकेच्या दुधाच्या राज्यात जन्मून मला दूध पचत नाही, हे तुझ्याशिवाय आणि डॉक्टरशिवाय कुणाला माहीत नाही. आता हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यालाही माहीत आहे.

दुसऱ्यांदा मी नुसता खुर्चीच्या पाठीवर चमचा वाजवला, म्हणजे ग्लासचा संबंध नको. बाजूच्या टेबलावरची बाई म्हणाली, “बिचाऱ्याला ग्लास सापडत नाहीये, डॉन नाबोर, म्हातारपण वाईट.” दूध आलं. तिसऱ्यांदा मी लागोपाठ जोरात वाजवला, म्हटलं एवढ्या आवाजाला तरी लोक गप्प होतील. लोक गप्प झाले, पण नाबोर पळत आले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, “सेन्योर, एकदा पुरतं. माझे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत.” चौथ्यांदा मी वाजवायच्या आधीच ग्लास भरलेला होता. त्यांनी माझा चेहरा ओळखायला सुरुवात केली होती. असे तीन आठवडे गेले. परतीचं तिकीट दोनदा पुढे ढकललं. तुला मी तारा पाठवल्यासारखे निरोप पाठवले, कागदपत्रं अडली आहेत म्हणून. कागदपत्रं काही अडली नव्हती.

याच काळात आणखी एक छळ सुरू झाला, तो मात्र फार बारीक. फिदेन्सिओ रोज माझ्या पत्रांतला एखादा उतारा म्हणून दाखवायचा, आणि रोज त्यात काहीतरी चुकायचा. मी तेवीस इंच लिहिले होते, तो तीस म्हणाला. मी दाढेखाली पावाचा तुकडा चावून गप्प बसलो. बंदराचं पाणी अकरा जानेवारीला गोठलं होतं, तो म्हणाला नाताळात. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. वर्तमानपत्रात एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून ज्याने पोट भरलं, त्याच्यासमोर त्याचाच मजकूर असा रोज सकाळी सोलला जात होता, आणि विनिपेगच्या हॅरोल्डला त्याचं काही वाटून चालणार नव्हतं. शेवटी काल, सोमवारी, त्याने ते मोठ्या बर्फाच्या वर्षाचं पत्र काढलं, ज्या वर्षी तुझं गॅरेज दबलं. डोळे मिटून, हात पसरून तो म्हणाला, “‘प्रिय ड्युएन, वारा नैऋत्येचा आहे, तळ्यावरून बर्फ घेऊन येतो आहे...’”

मी टेबलावर हात आपटला. “नैऋत्येचा कसा असेल? तळं पूर्वेला आहे, पूर्वेला! मी ईशान्य लिहिलं होतं!”

व्हायोलिन थांबलं.

फिदेन्सिओने डोळे उघडले आणि खिशातून घड्याळ काढलं. “एकवीस दिवस,” तो म्हणाला. “ओफेलिया, तू म्हणत होतीस, हा गुपचूप परत जाईल. हरलीस. आता महिनाभर माझ्या कविता मधे न बोलता ऐकायच्या.”

“पंधरा दिवस,” ओफेलिया म्हणाली. “दिशेवर पकडलास, ही लबाडी झाली. मी इंचांपर्यंतच खेळत होते.”

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं कसं, तर फिदेन्सिओने नुसता स्वतःचा कान पकडून दाखवला. आपले ते कान, ताई. मग ओफेलिया उठली आणि तिने पंखा बंद केला. पंख्याच्या मागचं चित्र मी तीन आठवडे त्याच्याखाली बसून पाहिलं नव्हतं. त्यात मी आहे. तिशीतला, कानामागे पेन्सिल, खिडकीशी उभा, बाहेर बघत. खाली ड्युएनच्या अक्षरात लिहिलं आहे: ‘ऑर्विल हवा निवळायची वाट बघताना.’

नाबोर किटली घेऊन जवळच उभे होते. मी त्यांना म्हटलं, मी केव्हापासून सांगायचा प्रयत्न करत होतो, चार वेळा चमचा हातात घेतला, तुम्ही दर वेळी दूध ओतलंत. ते म्हणाले, “चमचा वाजला की मी दूध ओततो, सेन्योर. बावन्न वर्षं तेच करतोय. तुम्हाला बोलायचं होतं तर बोलायचं होतं.”

नंतर ओफेलियाने मला एवढंच विचारलं की प्रवास कसा झाला. मी म्हटलं, बरा झाला. मीही त्यांना सांगितलं की ड्युएन फार अचानक गेला, त्याला आपल्याला काही कळवायला वेळच मिळाला नाही, नाहीतर आम्ही दोघं धावत आलो असतो. त्यांनी ते समजून घेतलं. त्याची राख सप्टेंबरातच फिदेन्सिओने जुन्या ओळखीच्या बोटीवरून बंदराच्या तोंडाशी सोडली, हवा शांत होती, वारा आग्नेयेचा, मंद. (मी विचारलं नव्हतं. त्याने आपणहून सांगितलं. म्हणाला, तुम्ही विचारणार हे माहीत होतं.)

तेव्हा मी ग्लासला हात घातला. फिदेन्सिओने माझं मनगट धरलं. म्हणाला, ड्युएन सांगायचा, घरात थोरली बहीण आहे, तिच्या आधी कुणी जेवायला बसत नाही. थोरली असताना मधल्याने ग्लास उचलायचा नाही. एवढी बातमी. म्हणून तो उपडा आहे.

तुझ्या प्रकृतीला जप. जिन्याचा कठडा धरत जा.

तुझा धाकटा भाऊ,
ऑर्विल

ता. क. एक छोटंसं काम होतं. तुझ्या साठाव्या वाढदिवसाला ड्युएनने पाठवलेलं ते मोठं चित्र आठवतं? कपडे धुण्याच्या यंत्रामागे, भिंतीला ओल लागू नये म्हणून मी उभं करून दिलं होतं. ते जरा बाहेर काढ. पुसू नकोस, विशेषतः त्या हिरव्या साबणाने नको. त्यात गोल टेबल आहे, खांब आहे, तीन माणसं आहेत आणि दोन रिकाम्या खुर्च्या. आपण तेव्हा किती हसलो होतो, की दोन माणसं काढायचा याने कंटाळा केला. ताई, तो खांब मी आता रोज बघतो. त्या तिघांतल्या म्हाताऱ्याच्या हातात किटली आहे का, नीट बघ. आणि त्या दोन रिकाम्या खुर्च्यांसमोरचे ग्लास उपडे आहेत की सुलटे, तेही बघ. मला वाटतं सुलटे आहेत. मला वाटतं त्यांत कॉफी ओतलेली आहे.

ता. क. २. वर लिहिलं की ओफेलियाने प्रवासाचं विचारलं. ते खरं नाही. तिने विचारलं, “ऑगस्टात मी स्वतः टपालात टाकलेलं पत्र पोचलं का?” ते पोचलं होतं. ते आपल्या दोघांच्या नावाने होतं. त्यात त्याने लिहिलं होतं की डॉक्टर ख्रिसमसपर्यंत म्हणतात पण त्याला तेवढं वाटत नाही, आणि या वेळी खरंच या. कामावर असताना ज्या बातमीचं काय करायचं ते कळायचं नाही ती आम्ही ‘राखून ठेवा’ लिहिलेल्या ट्रेमध्ये टाकायचो, उद्या बघू म्हणून. मी ते माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणात टाकलं आणि तुला सांगितलं की ड्युएनचं पत्र आलंय, मजेत आहे. नंतर अचानक गेला, असंही मीच सांगितलं. तो अचानक गेला नाही. त्याने पाच आठवडे वाट बघितली. ओफेलियाला मी ‘अचानक’ वगैरे काही बोललो नाही. जिने पत्र टाकलं तिला काय सांगणार? मी म्हटलं, पोचलं. तिने माझा ग्लास माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाली, “दूध पी, गार होईल.” मी प्यालो. खणाची किल्ली चहाच्या रिकाम्या डब्यात आहे. पत्र वाच. वाचल्यावर तू आली नाहीस तरी मी समजून घेईन.

ता. क. ३. परतीचं तिकीट मी आज रद्द केलं. हे पत्र टपालाने वेळेत पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून परवा मिलवॉकीला परतणाऱ्या एका जोडप्याच्या हाती देतो आहे. ते तुझ्या दारात आणून देतील. त्यांना कॉफी दे. चित्र गुंडाळायला माझ्या पलंगावरची राखाडी घोंगडी घे. थोडं आपल्याकडचं चीजही आण, फिदेन्सिओला मी त्याबद्दल फार बढाया मारून ठेवल्या आहेत, तेव्हा मी कॅनडाचा हॅरोल्ड होतो हे त्याच्या लक्षात आलेलं आहे.

पुढे असं अपेक्षित आहे: शनिवारी, १४ मार्चला, सकाळी अकरा वाजता पंखा बंद करतील. तू आलेली असलीस तर नाबोर ती खुर्ची तुझ्यासाठी मागे ओढतील, आणि ग्लास तू सुलटा करशील. आली नसलीस तर सव्वाअकराला ते शिडी घेऊन तो फळीवर ठेवतील; मी कितीही म्हटलं तरी मधल्याचा हात चालणार नाही, हे मी दोनदा विचारून खात्री करून घेतलं आहे. गेलेल्याबद्दल एक खरी गोष्ट सांगायची असते, ती तुझ्याकडे असेलच. आणि माझ्याबद्दल तुला जे काही बोलायचं असेल तेही तिथेच बोल, सगळ्यांदेखत, मी शेजारच्या खुर्चीत बसलेला असेन. फक्त चमचा वाजवू नकोस.